हिपोक्रेटिसचा ओस्टिया येथील अर्धपुतळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओस्टिया येथील हिपोक्रेटिसच्या संगमरवरी अर्धपुतळ्याविषयी वैद्यकाचे विद्यार्थी, चित्रकलेचे शिक्षक आणि रोमला जाऊन आलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हा अर्धपुतळा नेमका कोणता? तो कुठे सापडला आणि आज कुठे आहे?

टायबर नदीच्या मुखाजवळ वसलेले ओस्टिया हे प्राचीन रोमचे बंदर होते. ओस्टिया आणि पुढे सम्राटांनी बांधलेले पोर्टुस हे नवे बंदर यांच्यामध्ये नदी, समुद्र आणि ट्रेजनच्या नावाने ओळखला जाणारा कालवा यांनी वेढलेला जमिनीचा एक तुकडा आहे. त्याला ईसोला साक्रा, म्हणजे पवित्र बेट, असे म्हणतात. दोन बंदरांना जोडणाऱ्या रस्त्याच्या कडेने इथे थडग्यांची रांगच्या रांग उभी होती. इटालियन पुरातत्त्वज्ञ गुइदो काल्झा यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन झाले आणि १९४० मध्ये एका वैद्याच्या कौटुंबिक थडग्यात वृद्ध, दाढीधारी, टक्कल असलेल्या पुरुषाचे संगमरवरी शिर मिळाले. हाच तो पुतळा. तो ओस्टिया अँतिका येथील संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

२. हिपोक्रेटिस कोण होता? पुतळा समजण्यापुरते किती माहीत असावे?

हिपोक्रेटिसचा जन्म आशिया मायनरच्या किनाऱ्यालगतच्या कॉस बेटावर इ.स.पू. ४६० च्या सुमारास झाला आणि परंपरेनुसार थेसलीतील लारिसा येथे इ.स.पू. ३७० च्या आसपास त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नावावर साठेक ग्रंथांचा संग्रह आहे, परंतु त्यांतील कोणते त्याच्या हातचे हे निश्चित सांगता येत नाही. समकालीन पुरावा थोडा असला तरी भक्कम आहे: प्लेटोने त्याचा उल्लेख शुल्क घेऊन वैद्यक शिकवणारा कॉसचा वैद्य असा केला आहे.

पुतळ्याच्या दृष्टीने एकच वाक्य महत्त्वाचे, आणि ते ॲरिस्टॉटलचे आहे. नगराचा मोठेपणा लोकसंख्येवर मोजू नये हे सांगताना तो म्हणतो, की शरीराने धिप्पाड असलेल्या माणसापेक्षा हिपोक्रेटिस मोठा, पण माणूस म्हणून नव्हे, वैद्य म्हणून. यावरून हिपोक्रेटिस ठेंगणा असावा असा तर्क अनेकांनी केला आहे. त्याच्या शरीरयष्टीविषयी जुन्या लेखनात यापेक्षा जवळचा उल्लेख सापडत नाही, आणि हाही उल्लेख आहे तो उंचीचा. चेहऱ्याविषयी त्यात काहीच नाही.

३. पुतळ्यात प्रत्यक्षात काय दिसते?

माथा पूर्ण उघडा आहे. केस उरले आहेत ते कानांच्या वर आणि मागे, आखूड, वळलेल्या झुबक्यांच्या रूपाने. कपाळावर खोल आडव्या आठ्या आहेत, भुवया आत ओढलेल्या आहेत, डोळे लहान आणि खोबणीत मागे गेलेले आहेत. दाढी आखूड व कुरळी असून ती जबड्याला धरून आहे; ऋषींच्या चित्रांत असते तशी छातीवर रुळणारी नाही.

मी या शिराची रेखाटने छायाचित्रांवरून अनेकदा केली आहेत, आणि दर वेळी हात थबकतो तो भुवयांपाशी. समोरून प्रकाश असलेल्या छायाचित्रात हा चेहरा नुसता थकलेला वाटतो. तेच शिर डाव्या बाजूने, जरा वरून प्रकाश पडलेल्या छायाचित्रात पाहिले की भुवईचा कंगोरा डोळ्यावर सावली टाकतो आणि थकव्याच्या जागी एकाग्रता दिसू लागते: समोरच्या माणसाचे काही बारकाईने पाहत असलेला चेहरा. शिल्पकाराने ही सावली हिशेबात धरून भुवई एवढी पुढे काढली आहे असे मला वाटते.

४. म्हणजे हिपोक्रेटिस खरोखर असाच दिसत होता का?

नाही, किंवा अधिक काटेकोरपणे सांगायचे तर, तो असा दिसत होता असे मानण्यास आधार नाही. येथे तीन काळ वेगळे ठेवावे लागतात. माणूस इ.स.पू. पाचव्या व चौथ्या शतकातला. ज्या मूळ शिल्पावरून हा चेहरा आला ते शैलीवरून हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक काळातले, साधारणपणे इ.स.पू. तिसऱ्या शतकाची अखेर ते दुसरे शतक या सुमाराचे मानले जाते. आणि आपल्यासमोर असलेला संगमरवर रोमन साम्राज्याच्या काळात कोरलेला. माणूस आणि मूळ शिल्प यांच्यात दीडशेहून अधिक वर्षे गेली. माणूस आणि संगमरवर यांच्यात जवळजवळ पाचशे.

शैलीचा युक्तिवाद एका तुलनेने स्पष्ट होईल. हिपोक्रेटिस तरुण असताना अथेन्सचा नेता पेरिक्लीझ हयात होता आणि त्याचा शिरस्त्राण घातलेला चेहरा रोमन प्रतींमधून आपल्याला माहीत आहे. तो शांत, सुबक, जवळजवळ वयहीन आहे. इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक शिल्पकार थोर पुरुषाचा चेहरा साधारणपणे असाच घडवीत. आठ्या, खोल गेलेले डोळे, वयाची खूण असलेली कातडी, ही भाषा नंतरची आहे. हिपोक्रेटिसच्या हयातीत त्याचा पुतळा झाला असता तर तो बहुधा पेरिक्लीझसारखा दिसला असता.

५. पुतळ्यावर नाव नाही, मग तो हिपोक्रेटिसचा कशावरून?

तीन धाग्यांवरून, आणि तिन्ही एकत्र धरले तरच ओळख टिकते.

पहिला धागा म्हणजे जागा. हे थडगे गायस मार्सियस डेमेट्रियस या वैद्याच्या कुटुंबाचे होते आणि त्याला तेथील लेखात 'आर्खिआत्रोस', म्हणजे प्रमुख वैद्य, ही पदवी लावलेली आहे. ज्या थडग्याचा मालक वैद्य, तेथे ठेवलेला वृद्ध विचारवंताचा चेहरा वैद्यकाशी संबंधित असणे स्वाभाविक आहे. दुसरा धागा म्हणजे त्याच थडग्यात मिळालेल्या चौकोनी स्तंभावरचा ग्रीक पद्यलेख, ज्याचा आरंभ हिपोक्रेटिसच्या सर्वांत प्रसिद्ध वचनाची आठवण करून देतो (प्रश्न ६ पाहावा). तिसरा धागा म्हणजे कॉस बेटाची नाणी, ज्यांवर हिपोक्रेटिसचे शिर आहे आणि ते या शिराशी जुळते (प्रश्न ७ पाहावा).

हे तिन्ही धागे इटालियन पुरातत्त्वज्ञ जोवानी बेकात्ती यांनी १९४० च्या दशकात एकत्र गुंफले. पुढे ग्रीक व्यक्तिशिल्पांच्या थोर अभ्यासक गिझेला रिक्टर यांनीही ही ओळख मान्य केली. याच नमुन्याची इतर शिरे आधीपासून संग्रहालयांत होती, पण ती कुणाची हे पक्के सांगता येत नव्हते. ओस्टियाच्या शोधाने त्यांनाही नाव मिळाले.

यातील कोणताही धागा एकटा पुरेसा नाही, हे मी मुद्दाम सांगतो. वैद्याच्या थडग्यात तत्त्वज्ञाचा पुतळा असू शकतो, आयुष्य अल्प आहे हे कोणीही म्हणू शकतो, आणि नाण्यावरचा टकला वृद्ध दहा जणांसारखा दिसू शकतो. पण तिन्ही गोष्टी एकाच खोलीत एकमेकींना भेटतात तेव्हा योगायोगाला जागा फार थोडी उरते.

६. स्तंभावर "आयुष्य अल्प, विद्या दीर्घ" हे हिपोक्रेटिसचे वचनच कोरले आहे ना?

नाही. हा गैरसमज फार पसरला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांतले पहिले सूत्र असे आहे: "आयुष्य अल्प, विद्या दीर्घ, संधी क्षणिक, प्रयोग धोक्याचा, निर्णय कठीण." ग्रीकमध्ये त्याचा आरंभ "हो बिओस ब्राखुस" असा होतो. ओस्टियाच्या स्तंभावर शब्द आहेत "ब्राखुस हो बिओस", म्हणजे क्रम उलटा, "अल्प आहे आयुष्य". आणि पुढे विद्या येतच नाही. लेखाचा आशय असा: अल्प आहे आयुष्य, पण मातीखालचा जो काळ आम्हा मर्त्यांना काढायचा आहे तो दीर्घ, दैवाने दिलेला वाटा, तो कसाही असो, उचलणे हेच सर्वांच्या कपाळी आहे.

सूत्रात दीर्घ असते ती विद्या. थडग्यात दीर्घ आहे तो मरणानंतरचा काळ. भाषाही वेगळी आहे. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथ ग्रीकच्या आयोनियन बोलीत आहेत, तर या पद्यात पृथ्वीसाठी आलेले "गास" हे रूप डोरिक या दुसऱ्या ग्रीक बोलीच्या वळणाचे आहे, जे ग्रीक समूहगीतांच्या काव्यभाषेत आढळते. म्हणजे हा लेख सूत्राचा उतारा नसून, वैद्याला ओळखीच्या वाटणाऱ्या पहिल्या दोन शब्दांवरून मृत्यूकडे वळलेली कविता आहे. वैद्याच्या थडग्यात ती वाचणाऱ्याला सूत्राचा पुढचा भाग आपोआप आठवत असणार, आणि त्याऐवजी माती ऐकू येत असणार. मला या संपूर्ण शोधातला हा सर्वांत हृद्य भाग वाटतो.

७. नाण्यावरचे चित्र नखाएवढे असते. त्यावर किती विसंबायचे?

बेताने, पण टाळून चालणार नाही. कॉस बेटाने रोमन काळात पाडलेल्या ब्राँझच्या नाण्यांवर दाढी असलेले, टक्कल पडलेले शिर बाजूने दाखवले आहे आणि शेजारी त्याच्या नावाची आद्याक्षरे, म्हणजे ग्रीक 'ईओटा' आणि 'पी', आहेत. काही नाण्यांवर तो बसलेला दिसतो. स्वतःच्या गावाने स्वतःच्या सुपुत्राचे नाव घालून केलेली ही प्रतिमा आहे. नाव आणि चेहरा एकाच पृष्ठावर आणणारा याहून चांगला प्राचीन पुरावा आपल्याकडे नाही.

नाणे डोक्याचा आकार, टकलेची रेषा, दाढीची लांबी आणि मानेचे वळण सांगू शकते. नाकाची नेमकी ठेवण किंवा आठ्यांची संख्या ते सांगू शकत नाही, कारण ठसा कोरणाऱ्याच्या हाताने तेवढा फरक सहज पडतो. म्हणून नाण्यावरून पुतळा "ओळखला" असे म्हणण्यापेक्षा, नाण्याने ओळखीला विरोध केला नाही आणि ढोबळ बाबतींत दुजोरा दिला, असे म्हणणे योग्य.

नाणीसुद्धा हिपोक्रेटिसनंतर काही शतकांनी पाडलेली आहेत. नाणे पाडणाऱ्यासमोर हिपोक्रेटिस नव्हता. कॉसमध्ये उभा असलेला एखादा पुतळा असणे अधिक संभवते. तसे असेल तर नाणे आणि संगमरवर ही एकाच हरवलेल्या शिल्पाची दोन अपत्ये ठरतात.

८. मग मूळ शिल्पकाराने हा चेहरा कशावरून घडवला?

या प्रश्नाचे उत्तर देताना प्लिनी हाताशी असावा लागतो. इ.स. ७९ मध्ये मृत्यू पावलेल्या या रोमन ग्रंथकाराने लिहिले आहे, की ग्रंथालयांत ज्यांचे अमर आत्मे बोलतात त्यांच्या प्रतिमा ठेवण्याची प्रथा पडली, आणि ज्यांचे चेहरे कोणी जपून ठेवले नव्हते त्यांचे चेहरे कल्पनेने निर्माण झाले, कारण माणसांना त्यांची ओढ होती. होमरच्या बाबतीत असेच घडले. आंधळ्या होमरचे जे भव्य शिर आपण पाहतो ते त्याच्या काळानंतर कित्येक शतकांनी कोणा शिल्पकाराच्या मनात तयार झाले. हिपोक्रेटिसचा चेहरा याच ओढीतून आला.

पण कल्पना म्हणजे हवेतून काढलेली आकृती नव्हे. शिल्पकारापुढे तयार साधने होती. एक म्हणजे तत्त्वज्ञाचा चेहरा: दाढी, उतारवय, केसांकडे दुर्लक्ष, कपाळावर विचाराच्या आठ्या. स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपस इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस वारला. त्याचे विरळ केसांचे, आखूड दाढीचे, पुढे झुकलेले शिर या शिराच्या शेजारी ठेवले तर दोघे एकाच घराण्यातले वाटतात. दुसरे साधन म्हणजे मरणोत्तर व्यक्तिशिल्पाची अथेन्समधली परंपरा. वक्ता डेमॉस्थेनिसचा पुतळा पॉलिएउक्टोस या शिल्पकाराने इ.स.पू. २८० मध्ये, म्हणजे डेमॉस्थेनिसच्या मृत्यूनंतर ४२ वर्षांनी, घडवला. त्याच्या आवळलेल्या भुवया आणि खाली वळलेली नजर यांनी चिंतेला शिल्पात कशी जागा द्यायची हे पुढच्या पिढ्यांना शिकवले.

हिपोक्रेटिसच्या शिल्पकाराने या दोन साधनांत स्वतःचे काय घातले, हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे, की त्याने तत्त्वज्ञाची अंतर्मुख नजर बाहेर वळवली. क्रिसिपस स्वतःच्या युक्तिवादात बुडालेला दिसतो. हा माणूस समोर पाहतो. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांपैकी एकात मरणासन्न रुग्णाचा चेहरा वर्णिलेला आहे: टोकदार नाक, खोल गेलेले डोळे, बसलेली कानशिले, थंड कान. वैद्य आजही त्या लक्षणांना हिपोक्रेटिसचेच नाव देतात. ज्या परंपरेने चेहरा वाचायला शिकवले, तिच्या प्रवर्तकाला चेहरा वाचणारे डोळे देणे शिल्पकाराला सुचले असेल, तर ते अगदी उचित होते.

९. ग्रीक लोक पूर्ण पुतळे करत. मग येथे केवळ डोकेच का?

कारण डोके तेवढे काढून घेणे ही रोमन सवय होती. ग्रीकांच्या दृष्टीने व्यक्तिशिल्प म्हणजे उभा किंवा बसलेला पूर्ण माणूस. अंगावरचे वस्त्र, हातांची ठेवण, पायांमधले अंतर हे सारे मिळून ती व्यक्ती. रोमन धनिकाला आपल्या बागेत, ग्रंथालयात किंवा थडग्यात दहा-बारा थोर ग्रीक हवे असत, आणि तेवढे पूर्ण पुतळे ठेवणे परवडणारे किंवा सोयीचे नव्हते. म्हणून शिर घेतले गेले आणि ते अर्धपुतळ्यावर किंवा चौकोनी स्तंभावर बसवले गेले. या छाटणीत काय हरवले हे आपल्याला कळू शकत नाही. कदाचित मूळ हिपोक्रेटिसच्या हातात काही असेल, कदाचित तो बसलेला असेल. कॉसच्या काही नाण्यांवर तो बसलेला आहे हे वर आलेच आहे.

१०. मूळ पुतळा आणि प्रत यांच्यात संबंध कसा राहत असे? रोमन कारागीर अंदाजाने कोरत होते का?

अंदाजाने नव्हे. गाजलेल्या ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून प्लास्टरचे साचे काढले जात, त्यांतून प्लास्टरच्या प्रती निघत आणि त्या प्रतींवर मोजमापाचे बिंदू धरून संगमरवर कोरला जाई. १९५४ मध्ये नेपल्सजवळच्या बाया येथे अशा प्लास्टर प्रतींचे शेकडो तुकडे मिळाले आणि ही पद्धत हातात धरून दाखवता येऊ लागली. ब्राँझचे मूळ पुतळे मात्र बहुतेक सारे वितळवले गेले, कारण धातूला प्रत्येक काळात गिऱ्हाईक होते.

प्लास्टर प्रतीवरून शिकण्याची ही वाट मुंबईच्या कलाविद्यार्थ्यांना अनोळखी नाही. १८५७ साली सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन करणे, ज्याला विद्यार्थी 'अँटिक' म्हणत, हा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासक्रमाचा पाया होता. रोमन कारागिराचा आणि त्या विद्यार्थ्याचा अनुभव एका बाबतीत सारखा असतो: प्लास्टर आकार देते, पण ब्राँझची चकाकी आणि डोळ्यांत बसवलेला रंग देत नाही. तो भाग प्रत करणाऱ्याला स्वतः सोडवावा लागतो.

११. वैद्याने आपल्या थडग्यात हिपोक्रेटिस का ठेवला असावा?

ईसोला साक्रामध्येच याचे उत्तर शोधता येते, कारण तेथे वैद्यकाशी संबंधित आणखी एक थडगे आहे. स्क्रिबोनिया ॲटिके या सुईणीच्या थडग्यावर भाजलेल्या मातीचे दोन फलक होते. एकात बाळंतीण खुर्चीवर बसलेली आहे, मागून एक बाई तिला धरून आहे आणि समोर सुईण बसली आहे. दुसऱ्यात एक शस्त्रवैद्य रुग्णाच्या पायावर उपचार करतो आहे आणि बाजूला त्याची हत्यारे मांडलेली आहेत. त्या कुटुंबाने आपले काम दाखवले. मार्सियस डेमेट्रियसच्या कुटुंबाने गुरू दाखवला. ग्रीक नाव, ग्रीक पदवी, ग्रीक कविता आणि ग्रीक वैद्याचा चेहरा: आपण कोणत्या विद्यावंशातले आहोत हे त्या थडग्यात शिरणाऱ्याला एका नजरेत कळावे अशी ही मांडणी होती.

हिपोक्रेटिसच्या प्रतिमेला वैद्यांच्या घरी किती जिव्हाळ्याचे स्थान होते हे इ.स. दुसऱ्या शतकातला ग्रीक उपहासलेखक लुशियन याच्या एका संवादातून दिसते. त्यातला वैद्य सांगतो, की त्याच्याकडे हिपोक्रेटिसचा हातभर उंचीचा ब्राँझचा पुतळा आहे. दिवा विझला की तो घरभर फिरतो, दारे वाजवतो, कुप्या उलथतो आणि औषधे मिसळून टाकतो, विशेषतः त्याला वर्षाचा नैवेद्य द्यायचा राहिला तर. लुशियन अशा कथांची टर उडवतो, पण टर उडवण्याइतकी ही प्रथा लोकांच्या परिचयाची होती हे महत्त्वाचे.

१२. जुन्या ग्रंथांत हिपोक्रेटिसचे डोके झाकलेले असल्याचे म्हटले आहे. येथे तर डोके उघडे आहे. हा विरोध नव्हे का?

हा सर्वांत चांगला आक्षेप आहे. सोरानस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या हिपोक्रेटिस-चरित्रात म्हटले आहे, की त्याच्या अनेक प्रतिमांत डोक्यावर आच्छादन असते, कधी टोपी, कधी वस्त्राचा पदर. त्याची कारणे म्हणून चरित्रकार ऐकीव मतांची मोठी यादी देतो: कुलीनपणाची खूण म्हणून, टक्कल झाकण्यासाठी, डोके नाजूक होते म्हणून, बुद्धीचे स्थान जपले पाहिजे हे दाखवण्यासाठी, प्रवासाची आवड दाखवण्यासाठी, त्याच्या ग्रंथांच्या दुर्बोधतेचे चिन्ह म्हणून, निरोगी असतानाही अपाय टाळावा हे शिकवण्यासाठी, किंवा शस्त्रक्रिया करताना वस्त्राचा पदर हाताआड येऊ नये म्हणून त्याने तो डोक्याला गुंडाळला असावा म्हणून.

एवढी कारणे दिली जातात तेव्हा खरे कारण कोणालाच ठाऊक नसते, हे उघड आहे. पण दोन गोष्टी हाती लागतात. हिपोक्रेटिसच्या प्रतिमेचा एकच साचा नव्हता. झाकलेल्या डोक्याचा एक आणि उघड्या डोक्याचा दुसरा, असे निदान दोन प्रकार चालत होते. आणि टकलेचे कारण त्या यादीत आहे, म्हणजे हिपोक्रेटिसला टक्कल होते ही समजूत प्राचीन काळीही प्रचलित होती. ती नाण्यांशी आणि आपल्या पुतळ्याशी जुळते. म्हणून या उताऱ्याने ओळख मोडत नाही. शस्त्रक्रियेचे कारण मला सर्वांत आवडते, कारण ते काम केलेल्या माणसाला सुचेल असे आहे.

१३. हा सॉक्रेटिस किंवा वैद्यकाचा देव अस्क्लेपिअस तर नव्हे?

सॉक्रेटिस नव्हे: त्याच्या प्रतिमांत नाक चपटे आणि वर वळलेले, ओठ जाड, डोळे बाहेर आलेले असतात. अस्क्लेपिअसही नव्हे. देवाच्या डोक्यावर दाट, लाटांसारखे केस असतात, चेहरा सुरकुत्यांपासून मुक्त असतो आणि हातातल्या काठीला एक साप वेढलेला असतो. आपल्याकडे धनत्रयोदशीला पूजले जाणारे धन्वंतरी आणि ग्रंथकार सुश्रुत यांच्यात जो फरक, तोच अस्क्लेपिअस आणि हिपोक्रेटिस यांच्यात. वय होणे हे येथे माणूस असल्याचे लक्षण आहे. बाजारात मिळणाऱ्या भरदार केसांच्या 'हिपोक्रेटिस'च्या प्लास्टर मूर्तींत बहुधा या दोघांची सरमिसळ झालेली असते.

१४. आमच्या पाठ्यपुस्तकातला हिपोक्रेटिस वेगळाच दिसतो. तो कोठून आला?

बहुधा रूबेन्सकडून. फ्लँडर्सचा चित्रकार पीटर पॉल रूबेन्स याने प्राचीन संगमरवरी शिरांवरून बारा थोर ग्रीक-रोमन पुरुषांची रेखाटने केली आणि त्यांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रे निघाली. त्यांतला हिपोक्रेटिस पाउलुस पाँटियस याने १६३८ मध्ये कोरला. छापील असल्यामुळे तो युरोपभर गेला, पुढे वैद्यकाच्या असंख्य ग्रंथांत शिरला आणि आजही प्रसारमाध्यमांत सर्वाधिक तोच दिसतो. पण ओस्टियाचा पुतळा त्या वेळी अजून मातीखालीच होता. रूबेन्सपुढे होते ते त्या काळच्या विद्वानांनी हिपोक्रेटिसचे मानलेले शिर. चित्र म्हणून ते उत्तम आहे; पुरावा म्हणून ते सतराव्या शतकातील समजुतीचा पुरावा आहे.

१५. कॉसच्या संग्रहालयातला उभा पुतळा हिपोक्रेटिसचा म्हणून दाखवतात. तो अधिक विश्वसनीय नाही का? तो तर त्याच्या गावचाच.

गाव एक असणे पुरेसे नाही. हा पूर्ण उंचीचा, वस्त्र पांघरलेला पुतळा १९२९ मध्ये कॉसच्या ओडिऑनमध्ये, म्हणजे छोटेखानी छत असलेल्या संगीतगृहात, इटालियन उत्खननात मिळाला. त्या काळी बेट इटलीच्या ताब्यात होते. पुतळ्यावर नाव नाही, आणि ओस्टियाप्रमाणे जागा, लेख व नाणे यांचा मेळही तेथे बसत नाही. त्याची ओळख त्यामुळे वादग्रस्त राहिली आहे. कॉसमध्ये अस्क्लेपिअसचे नौकेतून आगमन दाखवणारा रोमन काळातील एक मोझेइकही आहे आणि त्यात बसलेला पुरुष हिपोक्रेटिस मानला जातो. प्रसंगावरून ती ओळख पटते, पण चेहऱ्याच्या तुलनेसाठी मोझेइकचे खडे फार भरड आहेत.

१६. मध्ययुगात हा चेहरा टिकला का?

चेहरा टिकला नाही, नाव आणि सूत्र टिकले. इटलीतील अनान्यी येथील कॅथेड्रलच्या तळघरातील भित्तिचित्रात रोमन काळातला ग्रीक वैद्य गेलन आणि हिपोक्रेटिस समोरासमोर बसून चर्चा करत आहेत, जरी त्या दोघांत सुमारे पाचशे वर्षांचे अंतर होते. चौदाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये तयार झालेल्या आणि आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या हस्तलिखितात तो आसनावर बसून उघडा ग्रंथ धरून आहे आणि पानावर "आयुष्य अल्प" हे सूत्र वाचता येते. अरबी परंपरेत तो 'बुकरात' झाला. आपल्याकडच्या यूनानी हकिमांच्या ग्रंथांतला बुकरात तो हाच, आणि 'यूनानी' हा शब्दही आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरूनच आला आहे.

१७. चरक, सुश्रुत यांच्या पुतळ्यांबाबतही असेच म्हणता येईल का?

अंशतः. महाविद्यालयांच्या आवारांत दिसणारे त्यांचे पुतळे आधुनिक आहेत आणि त्यांना ऋषींच्या चित्रपरंपरेतून जटा, दाढी व आसन मिळालेले आहे. त्यांच्या प्राचीन, ओळख पटलेल्या व्यक्तिप्रतिमा नाहीत. ग्रीकांनी कल्पनेने का होईना, एक चेहरा ठरवून तो शतकानुशतके पुन्हा पुन्हा घडवला. आपल्याकडे ग्रंथकाराचा चेहरा जपण्याची गरजच त्या काळी वाटली नाही, शब्द जपले गेले. यात उणे-अधिक पाहण्याचे कारण नाही, पण दोन्हींना एकाच अर्थाने 'व्यक्तिशिल्प' म्हणू नये.

१८. अलीकडच्या वैद्यांच्या अर्धपुतळ्यांत तरी चेहरा खरा असतो ना?

पुतळा हयातीत झाला की नंतर, हे आधी पाहावे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी १६५७ मध्ये वारला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधला त्याचा अर्धपुतळा पीटर स्खेमाकर्सने १७३९ मध्ये घडवला. शिल्पकाराचा जन्मच हार्वीच्या मृत्यूनंतर तीन दशकांहून अधिक काळाने झालेला. त्याला आधीच्या प्रतिमांचाच आधार घ्यावा लागला. फरक एवढाच, की हार्वीला प्रत्यक्ष पाहिलेल्या चित्रकारांनी काढलेली चित्रे उपलब्ध होती. हिपोक्रेटिसच्या बाबतीत साखळीची ती पहिली कडीच नाही.

१९. लेखात किंवा फलकावर या पुतळ्याचे छायाचित्र वापरले तर खाली काय लिहावे?

नुसते "हिपोक्रेटिस" लिहू नये आणि "काल्पनिक चेहरा" एवढेच लिहूनही थांबू नये. पुढील मजकूर पुरेसा आणि प्रामाणिक आहे: "हिपोक्रेटिस म्हणून ओळखले गेलेले शिर, हेलेनिस्टिक मूळ शिल्पावरून रोमन काळात केलेली संगमरवरी प्रत, ईसोला साक्रा येथील एका वैद्याच्या थडग्यातून, १९४०, ओस्टिया अँतिका संग्रहालय." जागा कमी असेल तर बाकीचे वगळावे, पण "एका वैद्याच्या थडग्यातून" हे शब्द ठेवावेत.